निवळ पाणी आणि निर्विष पाणी



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी शाळेने मला दिली, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. मराठीच्या एका जुन्या प्राध्यापकाने साहित्यावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज खडक आणि पाणी यांविषयी बोलणार आहे. नैसर्गिक खडकांच्या व खनिजांच्या साहाय्याने पाण्यातील जड धातू दूर करण्याची कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली, ती कशी वाढली आणि आदिलाबादच्या भूमीत राहणाऱ्या आपल्याला तिच्यापासून काय शिकता येईल, असा हा विषय आहे. रसायनशास्त्र हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु या विषयाचा उंबरठा भाषेतच आहे आणि तेथून आत जाण्याचा अधिकार मला असावा.

चांगल्या पाण्यासाठी मराठीत निवळ, नितळ, स्वच्छ, निर्मळ, शुद्ध असे अनेक शब्द आहेत. बोलण्याच्या ओघात आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. वस्तुतः यांतील बहुतेक शब्दांचा निवाडा डोळे करतात. तळ दिसला की पाणी नितळ, गाळ खाली बसला की पाणी निवळले. पण पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, पारा किंवा आर्सेनिक डोळ्यांना दिसत नाही आणि पिण्याच्या पाण्यात ज्या अल्प प्रमाणात ते घातक ठरते त्या प्रमाणात जिभेलाही कळत नाही. आर्सेनिकाच्या विषारी संयुगाला आपल्याकडे पूर्वीपासून सोमल म्हणतात; तो विष म्हणून ओळखीचा आहे. तरीही सोमल असलेले पाणी आरशासारखे नितळ असू शकते. निवळ आणि निर्विष या दोन शब्दांतील हे अंतर माणसाला फार उशिरा उमगले. आजच्या विषयाचा इतिहास हा बव्हंशी त्या उमगण्याचाच इतिहास आहे.

प्रारंभ आपल्याच परंपरेपासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळवण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत कतक म्हणजे आपली निवळीची बी आहे, कमळाच्या देठाची गाठ व शेवाळाचे मूळ आहे, वस्त्र आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला गोमेद, मोती व मणी ही खनिज आणि रत्नवर्गातील द्रव्येही बसवली आहेत. दगड पाण्यात घालावा आणि त्याने पाणी सुधारावे, ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे याचा हा लेखी पुरावा होय. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात विहिरीच्या पाण्यासाठी अंजन, मुस्ता, वाळा, आवळा इत्यादींबरोबर कतकाचे चूर्ण घालावयास सांगितले आहे.

याच प्रकरणातील दुसरे एक निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे व एकाच रसाचे असते, भूमीच्या भेदाने त्याला नाना रंग व नाना रस येतात, असे वराहमिहिर म्हणतो. खडेयुक्त तांबूस भूमीचे पाणी तुरट, कपिल भूमीचे क्षारयुक्त, पांढुरक्या भूमीचे खारट आणि निळसर भूमीचे गोड, असे कोष्टकच तो मांडतो. त्यातील प्रत्येक विधान आजच्या कसोटीला उतरेल असे नाही. पण पाणी ज्या भूमीतून जाते तिचे गुणदोष घेऊन येते, हे मूळ सूत्र अचूक आहे. दगड पाण्यातून काही घेऊ शकतो आणि पाण्याला काही देऊही शकतो, अशी ही दुहेरी नोंद आपल्या ग्रंथांत आधीपासून होती. पुढच्या काळात तिच्यातील पहिला भाग आपण लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

निवळी काय किंवा तुरटी काय, त्यांचे मुख्य कार्य पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एकत्र आणून तळाशी बसवण्याचे आहे. त्या साक्याबरोबर काही धातूही थोडेबहुत खाली जातात, हे खरे. तथापि पूर्ण विरघळलेल्या धातूचे कण इतके सूक्ष्म असतात की फडक्यातून ते सहज निसटतात आणि पाणी कितीही वेळ स्थिर ठेवले तरी आपोआप खाली बसत नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात. धातू मात्र भांड्यातच राहतो आणि पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. येथे वेगळ्याच युक्तीची गरज होती. ती युक्ती निसर्गाने काही खडकांत फार पूर्वीच करून ठेवली होती. माणसाला तिचा पत्ता अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लागला.

१७५६ साली क्रॉनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाला असे आढळले की, एक विशिष्ट खनिज तापवले असता त्यातून वाफ निघते, जणू दगडच उकळतो आहे. ग्रीक भाषेतील उकळणे व दगड या अर्थांचे शब्द जोडून त्याने या खनिजाला झिओलाइट हे नाव दिले. या खनिजाच्या अंतरंगात अतिसूक्ष्म पोकळ्या असून त्यांत पाणी वसते, हे त्या वाफेचे कारण होय. त्यानंतर सुमारे शतकभराने, १८५० साली, इंग्लंडमध्ये टॉम्सन आणि वे या दोघांचे मातीवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. मातीच्या थरावर अमोनियाचा क्षार ओतला, तर खालून जे पाणी निघते त्यात अमोनिया नसून त्याच्या बदली चुन्याचा क्षार असतो, असे त्यांना आढळले. मातीने एक घेतले आणि दुसरे दिले होते. १८५८ मध्ये आयशहोर्न या जर्मन संशोधकाने झिओलाइट खनिजेही हाच देवघेवीचा व्यवहार करतात आणि तो उलटही फिरवता येतो, हे दाखवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रॉबर्ट गान्स याने कृत्रिम झिओलाइट बनवून जड पाणी हलके करण्याची रीत रूढ केली. शास्त्रात या व्यवहाराला आयन-विनिमय म्हणतात.

विद्यार्थ्यांसाठी एक दृष्टान्त देतो. झिओलाइट म्हणजे असंख्य लहान खोल्यांची धर्मशाळा समजा. तिच्यात आधीपासून सोडियम, कॅल्शियम असे निरुपद्रवी पाहुणे उतरलेले आहेत. शिसे किंवा कॅडमियम असलेले पाणी तेथून जाऊ लागले की ज्याचा त्या खोलीशी अधिक मेळ बसतो तो पाहुणा आत शिरतो आणि जुना बाहेर पडतो. धर्मशाळा भरली की दाराशी आलेला पुढचा पाहुणा तसाच पुढे जातो. या दृष्टान्तातील शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता आपल्या पायाखाली पाहू. आदिलाबादचा जुना जिल्हा म्हणजे खडकांचे संमेलनच होते. उत्तरेला व पश्चिमेला दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट; मध्ये पैनगंगेच्या नावाने ओळखले जाणारे चुनखडक, वालुकाश्म व शेल; दक्षिणेला निर्मळकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म; पूर्वेला बेल्लमपल्ली-मंचिर्यालकडे कोळशाचे गोंडवन थर. विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाने १८८१ साली प्रणहिता-गोदावरी खोऱ्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पैनगंगेच्या या थरांचे वर्णन आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१६ साली मूळ जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माणसांच्या या सीमा खडकांनी मानलेल्या नाहीत. पैनगंगेच्या अलीकडचा कातळ आणि पलीकडचा कातळ एकच आहे.

यांतील कोणत्या खडकात धातू धरून ठेवण्याचा गुण आहे? प्रथम काळा कातळ घेऊ. लाव्हा थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटाचे स्फटिक वाढले. दख्खनच्या कातळातील हे स्फटिक जगप्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फोडला गेला, तेव्हा निघालेले नमुने युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यांची नावे. आपल्याकडे मात्र त्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतात. परंतु एक भेद सांगितला पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागात किंवा तुर्कस्तानात ज्वालामुखीच्या राखेपासून झिओलाइटाचे जाड थर बनले आहेत, ते खणून टनांनी वापरता येतात. आपले झिओलाइट पोकळ्यांत विखुरलेले आहे. ते शोभेला उत्तम. पाण्याच्या मोठ्या योजनेला पुरेल इतके एका ठिकाणी मिळणे कठीण.

त्याच कातळाच्या झिजेतून झालेली काळी माती मात्र आपल्याकडे उदंड आहे. जिच्यावर या जिल्ह्याचा कापूस पिकतो, तिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती असते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती उत्तम आयन-विनिमय करते. टॉम्सन आणि वे यांनी इंग्लंडच्या मातीत जे पाहिले, ते आपल्या शेतात रोज घडत असते. तिची अडचण एवढीच की ओली झाल्यावर ती पाण्याला वाट देत नाही. म्हणून गाळणीत तिचा थेट उपयोग होत नाही.

दुसरा खडक चुनखडीचा. त्याची रीत निराळी आहे. खाणीतून निघणारे पाणी पुष्कळदा आम्लधर्मी असते आणि आम्ल पाण्यात धातू सहज विरघळून राहतात. असे पाणी चुनखडीच्या खड्यांतून नेले की त्याचे आम्ल मरते आणि लोह, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंचा साका बनून खाली बसतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कोळसा खाणींच्या परिसरात चुनखडीने भरलेले चर याच कामासाठी खणले गेले. लोहाचा थर खड्यांवर चढला की चुनखडीचे काम मंदावते, हाही धडा तेथेच मिळाला.

तिसरे खनिज या जिल्ह्याचे खास म्हणता येईल. आदिलाबादजवळ गुडा गावाच्या परिसरात पैनगंगेच्या चुनखडकांबरोबर मँगनीजचे खनिज सापडते. डोळ्यांना दिसतील असे प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्या पुष्कळ आधी येथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी हे खनिज साचले. मँगनीजच्या ऑक्साइडांना शिसे, निकेल, कोबाल्ट, तांबे यांचे विलक्षण आकर्षण असते. त्याचा पुरावा आजच्या समुद्रातही मिळतो. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने सागरतळावरून मँगनीजचे गोटे प्रथम वर काढले. दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या अशा गोट्यांत निकेल, तांबे व कोबाल्ट साठलेले असतात. समुद्राच्या पाण्यात जे नाममात्र होते, ते या गोट्यांनी कणाकणाने वेचून ठेवले. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे अक्षरशः खरी होते.

आदिलाबादबाहेरच्या एका दगडाचेही नाव घेतले पाहिजे, तो म्हणजे कोकण-गोव्याचा जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातील अशा दगडाला, तो विटेसारखा कापता येतो म्हणून, लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. आपला जांभा तो हाच. त्यातील लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आर्सेनिकाला धरून ठेवतात. झिओलाइटाला हे फारसे साधत नाही, कारण पाण्यातील आर्सेनिक धनभारित रूपात नसते आणि झिओलाइटाच्या खोल्या धनभारित पाहुण्यांसाठी आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी आम्ल व अल्कलीची प्रक्रिया केलेल्या जांभ्याच्या गाळण्या बनवल्या आणि त्या पश्चिम बंगालमध्ये वापरात आल्या. तात्पर्य, सर्व रोगांवर एक औषध नसते तसा सर्व धातूंवर एक दगड नाही.

हे सारे प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. इंग्लंडमधील सेलाफील्ड या अणुकेंद्रात १९८५ पासून किरणोत्सारी सीझियम व स्ट्राँशियम असलेले पाणी क्लिनॉप्टिलोलाइट या नैसर्गिक झिओलाइटातून गाळले जाऊ लागले. त्यासाठी दगड कॅलिफोर्नियातून आणला गेला. अणुयुगाच्या कचऱ्यावर उतारा म्हणून ज्वालामुखीच्या राखेतून झालेला दगड वापरावा लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता वराहमिहिराच्या दुसऱ्या सूत्राकडे वळतो. दगड पाण्याला विषही देतो. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लूर जिल्ह्यात पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे ताठरणाऱ्या रोगाची नोंद झाली. फ्लोराइड हा जड धातू नव्हे. पण खडकातून पाण्यात उतरणाऱ्या विषाचे ते आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण आहे आणि आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलालाही ते चुकलेले नाही. त्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तुरटी आणि चुना यांची जी रीत बसवली, तिला तेलंगणातील एका जिल्ह्यावरून नलगोंडा पद्धती हे नाव मिळाले. गडचिरोलीच्या सीमेलगत, छत्तीसगडमधील कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथे कारखान्याचा दोष नव्हता. तेथील खडकातच ते होते. बांगलादेशाची कथा तर याहून दारुण. तळ्याच्या गढूळ पाण्याने रोगराई होते म्हणून लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी निवळ आले, पटकी-अतिसाराला आळा बसला, आणि त्याच नितळ पाण्यातून आर्सेनिक घरोघर गेले. निवळ म्हणजे निर्विष हे समीकरण त्या देशाला फार महागात पडले.

मँगनीजचेही तसेच आहे. जे खनिज शिसे धरून ठेवते तेच, हवा न पोचणाऱ्या किंवा आम्लधर्मी पाण्यात, स्वतः विरघळू लागते. मग मँगनीज तर पाण्यात येतेच, शिवाय धरलेले धातूही सुटतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात मँगनीज ०.१ मिलिग्रॅम असावे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालते. शिसे व आर्सेनिक यांची मर्यादा ०.०१, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. एक हजार लिटरच्या टाकीत तीन-चार मोहऱ्यांच्या वजनाएवढे शिसे विरघळले तरी मर्यादा गाठली जाते. असे प्रमाण आजीच्या अनुभवाला, वैद्याच्या जिभेला किंवा पाणाड्याच्या कसबाला कळणारे नाही. येथे परंपरेचा अवमान नाही. परंपरेने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्नच वेगळा होता, एवढेच म्हणायचे आहे.

आता धर्मशाळेच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. खडक धातूचा नाश करीत नाही. तो धातू आपल्याजवळ ठेवून घेतो. म्हणून खडकाच्या प्रत्येक गाळणीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आपल्या पाण्यात कोणता धातू आहे? तो धरणारा दगड हाच आहे काय? आणि तो भरला म्हणजे त्याचे काय करायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेशिवाय मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर पाण्याच्या आम्लतेवर आणि त्यातील इतर क्षारांवर अवलंबून असते. तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. भरलेली गाळणी उकिरड्यावर टाकली की जे विष एका जागी गोळा केले होते ते पावसाबरोबर पुन्हा विहिरीच्या वाटेला लागते. शिवाय गाळणी भरली तरी तिच्यातून येणारे पाणी पूर्वीइतकेच नितळ दिसते. बाजारात खनिजांचे खडे चमत्काराच्या भाषेत विकले जातात, तेव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याला मागावीत. उत्तर मिळाले नाही, तर खडे अंगणात शोभेला ठेवण्यास हरकत नाही.

आज तेलंगणात मिशन भगीरथ योजनेतून शुद्ध केलेले नदी-जलाशयांचे पाणी घरोघर पोचवण्याची व्यवस्था झाली आहे. तरीही वाड्यांवर-गुड्यांवर, शेतावर कामाला जाताना, नळ बंद असेल त्या दिवशी, विहीर आणि हातपंप यांना पर्याय नसतो. या जागी शाळेला काही करता येईल. शाळेने आपल्या परिसरातील प्रत्येक विहिरीची व हातपंपाची एक नोंदवही ठेवावी. विहीर कोणत्या खडकात आहे, पाणी पावसाळ्यात व उन्हाळ्यात कसे असते, ते प्रयोगशाळेत केव्हा तपासले आणि आकडे काय आले, हे तिच्यात तारखेनिशी लिहावे. नोंद मराठीत असावी, तेलुगूत असावी, गोंडी बोलणाऱ्या मुलांनी ती घरी आपल्या बोलीत वाचून दाखवावी. कारण पाण्यातील आकडा ज्याच्या घागरीशी संबंधित आहे त्याला तो कळला नाही, तर तपासणीचा उपयोग अर्धाच होतो. अशी वही दहा वर्षे चालली, तर वराहमिहिराने जे कोष्टक रंगांवरून आणि चवींवरून मांडले, ते आपल्या तालुक्यापुरते मोजमापाने मांडता येईल.

दगडाला पाझर फुटला असे आपण करुणेच्या प्रसंगी म्हणतो. त्या पाझरात काय आहे, हे पाहण्याची सवय ही करुणेचीच पुढची पायरी होय. आपल्या पूर्वजांनी पाणी निवळवण्याची विद्या आपल्या हाती दिली. पुढच्या पिढीच्या हाती निवळ आणि निर्विष यांतला भेद आपल्याला देता आला, तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो त्यांच्या शिक्षणकार्याला ते साजेसे होईल.